गिटार ॲम्पवरचा ४–८–१६ ओहम स्विच: जोडणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं व्हॉल्व्हवर चालणाऱ्या गिटार ॲम्पसाठी आहेत. तुमच्या आऊटपुट ट्रान्सफॉर्मरला ४, ८ आणि १६ ओहमचे टॅप (वेगवेगळ्या वेढ्यांवरून बाहेर काढलेल्या वायरी) आहेत, मागच्या पॅनेलवर स्पीकर इम्पीडन्सचा स्विच नव्याने बसवायचा आहे किंवा खराब झालेला बदलायचा आहे, आणि सोल्डरिंगचा हात बसलेला आहे, असं धरून लिहिलं आहे. या कामातले जवळपास सगळे निर्णय एकाच अटीवर ठरतात: ॲम्प चालू असताना ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे स्पीकरकडची गुंडाळी, क्षणभरही लोडशिवाय (स्पीकरच्या भाराशिवाय) राहता कामा नये. खालची उत्तरं त्या अटीशी पुन्हा पुन्हा येतील.

हा स्विच नेमकं काय करतो?

स्पीकरचा इम्पीडन्स स्विचने बदलत नाही आणि ट्रान्सफॉर्मरला स्वतःचा असा इम्पीडन्सही नसतो. ट्रान्सफॉर्मरकडे असतं ते वेढ्यांचं गुणोत्तर. सेकंडरीला जो भार जोडाल तो त्या गुणोत्तराच्या वर्गाने गुणला जाऊन प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवर), म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटना (आऊटपुट देणाऱ्या टोकांना) दिसतो.

आकडे घेऊन पाहू. ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हच्या जोडीवर चालणाऱ्या ५० वॅटच्या ॲम्पमध्ये प्लेट ते प्लेट साधारण ३४०० ओहमचा भार अपेक्षित असतो. स्पीकर ८ ओहमचा. ३४०० भागिले ८ म्हणजे ४२५, आणि त्याचं वर्गमूळ २०.६. प्रायमरीच्या २०.६ वेढ्यांमागे सेकंडरीचा एक वेढा, असं ते गुणोत्तर झालं. १६ ओहमच्या स्पीकरसाठी हेच गणित १४.६ वर येतं आणि ४ ओहमसाठी २९.२ वर. स्विच सेकंडरीचे किती वेढे वापरायचे एवढंच निवडतो, जेणेकरून तिन्ही वेळा व्हॉल्व्हना तेच ३४०० ओहम दिसावेत.

म्हणूनच ८ च्या टॅपवर १६ ओहमचं कॅबिनेट लावलं की प्लेटना ६८०० ओहम दिसतात, आणि ४ ओहमचं लावलं की १७००.

चुकीच्या सेटिंगवर वाजवलं तर ॲम्प जळतो का?

दुपटीची चूक (८ वर १६ किंवा ८ वर ४) सुस्थितीतला ॲम्प बहुतेक वेळा सहन करतो. आवाज कमी होतो, टोन थोडा बदलतो, व्हॉल्व्ह लवकर झिजतात. चौपटीच्या चुकीवर, म्हणजे ४ वर १६ किंवा १६ वर ४, ॲम्प जोरात वाजवू नका.

दोन दिशांचे धोके मात्र सारखे नाहीत. स्पीकर सेटिंगपेक्षा कमी ओहमचा असेल तर व्हॉल्व्हमधून जास्त करंट वाहतो, प्लेट तापते, आणि नुकसान झालं तर ते बहुधा व्हॉल्व्हचं होतं. स्पीकर जास्त ओहमचा असेल तर प्लेटवरचे व्होल्टेजचे झोके मोठे होतात आणि स्क्रीन ग्रिडवर (व्हॉल्व्हच्या आतल्या एका जाळीवर) ताण येतो. याच दिशेचं शेवटचं टोक म्हणजे स्पीकरच न लावणं. तेव्हा प्रायमरीत साठलेल्या ऊर्जेला बाहेर पडायला वाट उरत नाही. प्लेटवर हजार व्होल्टच्या पुढचे झटके येऊ शकतात, आणि ते सॉकेटवर पिन ३ वरून शेजारच्या हीटरच्या पिन २ वर ठिणगी टाकतात किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन आतून भेदतात. व्हॉल्व्ह बदलता येतो. आतून भेदला गेलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो किंवा टाकून द्यावा लागतो.

म्हणून शंका असेल तेव्हा स्पीकर सेटिंगपेक्षा कमी ओहमचा असण्याची चूक पत्करा.

काम सुरू करण्याआधी कोणती काळजी घ्यायची?

प्लग भिंतीतून काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. त्यानंतरही फिल्टर कॅपॅसिटरमध्ये ४०० ते ५०० व्होल्ट बराच काळ टिकून राहू शकतात आणि ते जीवघेणे आहेत. १०० किलोओहम, ३ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिप लावलेल्या वायरने कॅपॅसिटरच्या धन टोकापासून चॅसिसला जोडा, मिनिटभर तसाच राहू द्या आणि मग मीटरने डीसी व्होल्टेज मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात आत घालू नका. फिल्टरचे टप्पे एकाहून जास्त असतात. प्रत्येक ठिकाणी मोजा. सेकंडरीची बाजू कमी व्होल्टेजची असली तरी तिच्याकडे जाणारा हात प्लेटच्या वायरींशेजारून जातो, हे विसरू नका. उघड्या ॲम्पमध्ये काम करायची सवय नसेल तर जोडणी जाणकाराकडून करून घ्या.

कोणता स्विच घ्यायचा?

एक पोल (मधला सामाईक पाय), तीन पोझिशन. रोटरी स्विच सगळ्यात सोपा. बाजारात मिळणारे बरेचसे रोटरी स्विच बारा पोझिशनचे असतात आणि नटखालच्या दातेरी वॉशरने पोझिशन मर्यादित करता येतात. तो वॉशर तीनवर लावायला विसरलात तर नॉब चौथ्या, रिकाम्या पोझिशनवर जातो आणि लोड तुटतो. आधी मीटर लावून तीन पोझिशन पक्क्या करा, मगच स्विच पॅनेलवर कसा.

करंट रेटिंग हा इथला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. पॉवर भागिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे करंट. १०० वॅट ४ ओहमवर काढायचे तर ५ ॲम्पिअर, ८ ओहमवर ३.५, १६ वर २.५. हे स्वच्छ साइन वेव्हचे आकडे झाले. गिटार ॲम्प पूर्ण क्लिपिंगमध्ये, म्हणजे लाटेची टोकं कापली जाण्याइतका जोरात, वाजतो तेव्हा लाट चौकोनी होत जाते, पॉवर दुपटीकडे झुकते आणि ४ ओहमवरचा करंट ७ ॲम्पिअरपर्यंत पोचतो. प्रीॲम्पमध्ये वापरतात ते नाजूक रोटरी स्विच अर्ध्या ॲम्पिअरच्याही खालचे असतात. ते पहिल्या दिवशी चालतील. काही महिन्यांनी संपर्क काळे पडतील, आणि वाजवता वाजवता लोड तुटेल. १०० वॅटसाठी १० ॲम्पिअरचा आणि ५० वॅटसाठी निदान ५ ॲम्पिअरचा स्विच घ्या. दोन पोलचा स्विच मिळाला तर दोन्ही पोल समांतर जोडा: करंट वाटला जातो, आणि एक संपर्क रुसला तरी दुसरा लोड धरून ठेवतो. माझ्या मते या कामात करता येण्यासारखी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शहाणी गोष्ट हीच आहे.

शॉर्टिंग प्रकारचा स्विच हवा की नॉन-शॉर्टिंग?

शॉर्टिंग स्विच पुढचा संपर्क आधी जोडतो आणि मागचा नंतर सोडतो. नॉन-शॉर्टिंग आधी सोडतो, मग जोडतो. नॉन-शॉर्टिंगमध्ये मधल्या क्षणी सेकंडरी मोकळी राहते. शॉर्टिंगमध्ये त्याच क्षणी दोन शेजारचे टॅप एकमेकांना चिकटतात, म्हणजे सेकंडरीचा एक भाग शॉर्ट होतो. व्हॉल्व्ह ॲम्पला क्षणभराचा शॉर्ट परवडतो, कारण व्हॉल्व्हमधून वाहू शकणाऱ्या करंटला मर्यादा असते. मोकळी सेकंडरी परवडत नाही. त्यामुळे मिळत असेल तर शॉर्टिंग घ्या.

पण कोणताही असला तरी नियम एकच: ॲम्प बंद करून किंवा निदान स्टँडबायवर (हीटर चालू, उच्च व्होल्टेज बंद) टाकूनच नॉब फिरवायचा. नॉबशेजारी तसं लिहूनही ठेवा, कारण उद्या ॲम्प दुसरं कोणी वाजवेल.

टॉगल स्विच चालेल का?

फक्त दोन टॅप निवडायचे असतील (८ आणि १६) तर दोन पोझिशनचा ऑन-ऑन टॉगल चालतो. तीन पायांचा ऑन-ऑफ-ऑन टॉगल इथे कधीही लावू नका. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, आणि दुसऱ्यात दांडी मधे थांबली की स्पीकर तुटलेला असतो. घेताना मीटरवर तपासून घ्या.

टॅप कोणता ते कसं ओळखायचं? वायरचे रंग पुसले गेले आहेत.

रंगांवर तसाही भरवसा ठेवू नका, ते कंपनीगणिक बदलतात. ट्रान्सफॉर्मरसोबतचा कागद असेल तर तोच प्रमाण. नसेल तर मोजावं लागतं.

मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर काही कळत नाही. सगळ्या टॅपमधला डीसी रेझिस्टन्स एका ओहमच्या आसपास किंवा त्याखाली असतो, आणि साधा मीटर तिथे प्रोबच्या तारा धरूनच गोंधळतो. त्याऐवजी ट्रान्सफॉर्मर ॲम्पपासून पूर्ण सोडवा आणि प्रायमरीच्या दोन प्लेट वायरींना वेगळ्या, लहान स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट एसी द्या. सेकंडरीकडून देऊ नका: ८ ओहमच्या टॅपवर ६ व्होल्ट दिले तरी प्रायमरीवर सव्वाशेच्या आसपास व्होल्ट उभे राहतात.

३४०० ओहमच्या प्रायमरीला १२ व्होल्ट दिल्यावर कॉमनपासून (सगळ्या टॅपच्या सामाईक टोकापासून) १६ च्या टॅपवर ०.८२, ८ वर ०.५८ आणि ४ वर ०.४१ व्होल्ट यायला हवेत. प्रायमरी वेगळी असेल तर आकडे बदलतील, प्रमाण तेच राहील. सगळ्यात मोठं रीडिंग देणारी जोडी म्हणजे कॉमन आणि १६.

आता या दोघांत कॉमन कोणता? इथे बरेच जण फसतात. वेढे इम्पीडन्सच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतात, त्यामुळे ४, ८, १६ साठी ते २, २.८३ आणि ४ अशा प्रमाणात येतात. म्हणजे ४ चा टॅप बरोबर मध्यावर आहे. कॉमनपासून ४ आणि १६ पासून ४, दोन्हीकडे रीडिंग सारखंच! ४ च्या टॅपवरून टोकं वेगळी करता येत नाहीत. ८ चा टॅप मात्र एका टोकापासून ०.५८ वर आणि दुसऱ्यापासून ०.२४ वर आहे. ज्या टोकापासून तो लांब आहे ते कॉमन, ज्याच्या जवळ आहे ते १६. ओळखलेल्या वायरींना लगेच चिठ्ठ्या लावा.

यावरून अजून एक कळतं. चुकून स्पीकर ८ आणि १६ च्या मधे जोडला गेला तर तो भाग फक्त साधारण १.४ ओहमच्या स्पीकरसाठी योग्य आहे, आणि ४ आणि ८ च्या मधला तर ०.७ ओहमसाठी. ८ ओहमचा स्पीकर तिथे आवाज काढतो, पण प्लेटच्या दृष्टीने तो जवळजवळ न लावल्यासारखाच. ‘आवाज येतोय म्हणजे जोडणी बरोबर’ असं म्हणूनच धरून चालू नका.

प्रत्यक्ष जोडणी कशी?

कॉमन वायर थेट स्पीकर जॅकच्या स्लीव्हला (प्लगच्या दांड्याला टेकणारा पाय). ४, ८ आणि १६ च्या वायरी स्विचच्या तीन पोझिशनच्या पायांना, नॉबवर जो क्रम छापला आहे त्याच क्रमाने. रोटरी स्विच मागून पाहताना क्रम उलटा दिसतो, म्हणून प्रत्येक पाय मीटरने नॉबच्या जागेशी पडताळून मगच सोल्डर करा. स्विचच्या पोलवरून एक वायर जॅकच्या टिपला (प्लगच्या टोकाला टेकणारा पाय). दुसरा जॅक पहिल्याला समांतर: टिपला टिप, स्लीव्हला स्लीव्ह.

वायर ०.७५ ते १ चौरस मिलिमीटरची, बहुतारी. वायर आधी पायाच्या छिद्रातून ओवून वळवा, मग सोल्डर करा. ॲम्प थरथरतो, आणि नुसत्या सोल्डरवर टेकलेली वायर कधीतरी सुटते. ट्रान्सफॉर्मरच्या वायरी आखूड कापू नका; पुढे स्विच बदलायची वेळ आली की लांबी लागते. सेकंडरीच्या वायरी एकत्र पीळ देऊन, इनपुट जॅकपासून लांब न्या.

स्लीव्ह चॅसिसला जोडायचा का?

हो. धातूचे जॅक पॅनेलवर कसले की आपोआप जोडला जातो, पण प्लास्टिकच्या इन्सुलेटेड जॅकमध्ये जोडला जात नाही. तिथे कॉमनपासून चॅसिसपर्यंत वेगळी वायर हवीच. एक कारण म्हणजे निगेटिव्ह फीडबॅकला (आऊटपुटवरून मागे परत दिलेल्या सिग्नलला) जमिनीचा संदर्भ लागतो. दुसरं जास्त गंभीर आहे: ट्रान्सफॉर्मरचं आतलं इन्सुलेशन कधी फुटलं तर प्रायमरीचा उच्च व्होल्टेज अधांतरी सेकंडरीवरून स्पीकरच्या केबलपर्यंत येईल. कॉमन चॅसिसला आणि चॅसिस अर्थला जोडलेलं असेल तर फ्यूज उडेल आणि वाजवणारा वाचेल.

फीडबॅकची वायर कुठे जोडायची?

ठरलेल्या टॅपवर, कायमची. स्विचच्या पोलवर नाही.

ज्या ॲम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक आहे त्यात सेकंडरीवरून एका रेझिस्टरमार्फत फेज इन्व्हर्टरकडे (पॉवर व्हॉल्व्हच्या आधीच्या टप्प्याकडे) थोडा सिग्नल परत जातो. ही वायर पोलवर जोडली तर स्विच १६ वरून ४ वर नेताच परत जाणारं व्होल्टेज निम्मं होतं, फीडबॅक ढिला पडतो आणि प्रेझेन्स कंट्रोलसकट सगळ्या ॲम्पचा स्वभाव बदलतो. लोक मग ‘४ ओहमवर ॲम्प वेगळाच वाजतो’ म्हणतात आणि दोष ट्रान्सफॉर्मरला देतात. थेट टॅपवर जोडली की स्विच कुठेही असला आणि स्पीकर त्या सेटिंगला जुळता असला तर फीडबॅक तेवढाच राहतो.

कोणता टॅप? मूळ सर्किटच्या नकाशात असेल तो. टॅप बदलायचाच असेल तर रेझिस्टरही त्याच प्रमाणात बदला: १६ च्या टॅपवरून १०० किलोओहम जे काम करतो, ते ४ च्या टॅपवरून साधारण ४७ किलोओहम करतो.

ट्रान्सफॉर्मरही नवा असेल तर फीडबॅक उलट्या फेजमध्ये जाण्याची शक्यता निम्मी आहे. ॲम्प सुरू करताच तो किंचाळला तर लगेच बंद करा, कॅपॅसिटर पुन्हा रिकामे करा आणि दोन प्लेट वायरींची अदलाबदल करा.

शॉर्टिंग जॅक लावू का?

लावा. फेंडरच्या अनेक ॲम्पमध्ये मुख्य स्पीकर जॅक असाच असतो: प्लग काढला की जॅकची पाती टिपला चॅसिसशी जोडते. कोणी स्पीकर न लावता ॲम्प सुरू केला तर सेकंडरी मोकळी राहण्याऐवजी शॉर्ट राहते. एकच अडचण आहे. पाती पहिल्या जॅकवर असेल आणि कॅबिनेट फक्त दुसऱ्यात लावलं तर आवाज येणार नाही, म्हणून जॅकवर ‘आधी हा’ असं लिहा.

दोन कॅबिनेट लावली तर स्विच कुठे ठेवायचा?

जॅक समांतर आहेत. १६ ओहमची दोन असतील तर ८ वर, ८ ची दोन असतील तर ४ वर. ४ ओहमची दोन म्हणजे २ ओहम, आणि तसा टॅप नसेल तर एकच लावा. ८ आणि १६ एकत्र लावली तर ५.३ ओहम होतात. ५.३ ला ८ पेक्षा ४ जास्त जवळचा आहे, म्हणून इथे स्विच ४ वर ठेवा. अशा जोडीत ८ ओहमचं कॅबिनेट १६ च्या दुप्पट पॉवर घेतं, त्याच्या स्पीकरचं रेटिंग तेवढं आहे का ते पाहा.

मीटर माझ्या स्पीकरवर ६.५ ओहम दाखवतो. तो कोणता धरू?

८ ओहमचा. मीटर फक्त तारेचा डीसी रेझिस्टन्स दाखवतो. १६ ओहमचा स्पीकर साधारण १२–१३ दाखवतो आणि ४ ओहमचा साडेतीनच्या आत. प्रत्यक्षात वाजताना इम्पीडन्स प्रत्येक स्वराला वेगळा असतो, रेझोनन्सपाशी तर कित्येक पट चढतो. छापलेला आकडा हा ठोकताळा आहे आणि स्विचही त्याच ठोकताळ्यावर चालतो.

१६ ओहमवर आवाज चांगला येतो हे खरं का?

१६ वर पूर्ण सेकंडरी वापरात असते, ४ वर निम्मी. त्यामुळे तारेतल्या नुकसानीत थोडा फरक पडतो. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो कानाला कळेल इतका क्वचित असतो. त्यासाठी कॅबिनेटची जोडणी बदलू नका.

माझ्या ट्रान्सफॉर्मरला एकच ८ ओहमची सेकंडरी आहे. स्विच बसवता येईल?

नाही. टॅपच नसतील तर निवडायला काही नाही. टॅपवाला ट्रान्सफॉर्मर बसवा किंवा बाहेरून जुळवणीचा ऑटोट्रान्सफॉर्मर वापरा. स्पीकरला सिरीजमध्ये रेझिस्टर लावून आकडा जुळतो, पण त्यात बरीच पॉवर उष्णता होऊन जाते.

चार व्हॉल्व्हच्या १०० वॅट ॲम्पमधून दोन काढले तर?

प्रत्येक बाजूचा एक असे दोन काढा, आणि स्विच कॅबिनेटच्या निम्म्यावर आणा. उरलेल्या जोडीला दुप्पट भार हवा असतो. १६ ओहमच्या कॅबिनेटला स्विच ८ वर ठेवला की तो मिळतो.

ट्रान्झिस्टर ॲम्पला हा स्विच लागतो का?

नाही. गिटारच्या बहुतेक ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांना किमान ओहमची मर्यादा असते, जास्त ओहमचा स्पीकर चालतो, आणि शॉर्ट मात्र त्यांना मारतो. म्हणजे या पानावरचा शॉर्टिंगचा सल्ला तिथे उलटा पडेल.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी काय तपासायचं?

प्लग काढलेला, कॅपॅसिटर रिकामे, स्पीकर सोडवलेला. शॉर्टिंग जॅक असेल तर त्यात कशालाही न जोडलेला प्लग घाला, नाहीतर मीटरला फक्त जॅकची पाती दिसेल. मीटर टिप आणि चॅसिसमधे लावा आणि नॉब तिन्ही पोझिशनवर फिरवा. प्रत्येक ठिकाणी एका ओहमच्या आसपासचं स्थिर रीडिंग हवं. कुठेही मीटरने ‘मोकळं’ दाखवलं किंवा नॉब हलवताना आकडा उड्या मारू लागला तर तिथेच थांबा.

ते जमलं की ८ ओहमचा, ॲम्पच्या दुप्पट वॅटचा वायर-वाउंड रेझिस्टर जॅकला लावा, स्विच ८ वर ठेवा आणि इनपुटला १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह द्या. आवाज वाढवत जॅकवर ८ व्होल्ट एसी आणा; ही फक्त ८ वॅटची पॉवर आहे. याच वेळी १६ च्या टॅपवर ११.३ आणि ४ च्या टॅपवर ५.७ व्होल्ट दिसले तर टॅप स्विचवर योग्य जागी आले आहेत. प्रोबची क्लिप लावताना प्रत्येक वेळी ॲम्प स्टँडबायवर टाका. त्यानंतर ॲम्प बंद करा, रेझिस्टर काढून कॅबिनेट लावा, आणि केबल स्पीकरचीच वापरा. गिटारच्या शिल्डेड केबलची आतली तार इतक्या करंटसाठी बारीक असते, आणि ती तुटली की सेकंडरी पुन्हा मोकळी.